लिमिटेड कार्ड घेताय? ते तुमच्यापर्यंत पोचू शकतं का ते आधी बघा

खेळाडूंचे फोटो असलेली, बंद पाकिटांतून विकली जाणारी कार्डं गोळा करायच्या नादाला लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी हे विचारतोच, की कार्डावर २५/९९ असा शिक्का आहे म्हणजे तशी ९९ कार्डं छापली आणि हे त्यातलं पंचविसावं हे मान्य, पण ती ९९ च्या ९९ पाकिटांत गेली का, आणि गेली तर दुकानात जाऊन एखाददुसरं पाकीट घेणाऱ्या माणसाच्या हाताला लागायची काही शक्यता तरी होती का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि लोक पहिल्यावरच भांडत बसतात. माझं मत विचाराल तर छपाईतच घोळ असायची शक्यता कमी, पाणी मुरतं ते नंतर. रेशनच्या धान्यासारखं आहे बघा, गोदामातून पोती मोजून निघतात, कागदावर सगळं चोख, पण तुमच्या पिशवीत किती पडतं ते मधल्या माणसांवर.

तर पैसे घालायच्या आधी काय काय बघायचं ते सांगतो. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली आहेत कारण हा धंदा मुळात तिथला, टॉप्स आणि पनिनी ही मोठी नावं, आणि त्यातली टॉप्स २०२२ च्या जानेवारीत फॅनॅटिक्सने विकत घेतली. आपल्याकडे जी पोरं एनबीए बास्केटबॉल किंवा फुटबॉलची कार्डं मागवतात ती याच दुकानदारीतून येतात.

आधी शिक्का वाचायला शिका

एकाच खेळाडूचं एकच कार्ड दहा-पंधरा रंगांत येतं, त्याला पॅरलल म्हणतात. टॉप्स क्रोम नावाच्या सेटमध्ये गोल्ड असेल तर ५० प्रती, ऑरेंज २५, रेड ५ आणि सुपरफ्रॅक्टर एकच. पनिनी प्रिझममध्ये गोल्ड १० आणि ब्लॅक १. म्हणजे "माझ्याकडे पन्नासातलं एक आहे" असं कुणी म्हणालं की लगेच हुरळून जायचं नाही, त्या खेळाडूची त्या एकाच सेटमधली सगळ्या रंगांची नंबरवाली कार्डं किती ते बघा आणि बेरीज करा, आकडा बघता बघता कुठच्या कुठे जातो, आणि वर्षभरात त्याच खेळाडूचे असे कितीतरी सेट निघतात. गंमत म्हणजे १/१ लिहिलेली सुद्धा एकाहून जास्त असतात कारण छपाईच्या चार प्लेटा, निळी, किरमिजी, पिवळी आणि काळी, कापून त्या प्रत्येकीवर १/१ मारून विकतात. वर विकणाऱ्यांची चलाखी वेगळीच, खेळाडूचा जर्सी नंबर २३ आणि कार्ड २३/९९ असलं की जाहिरातीत बिनधास्त १/१ लिहून टाकतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

काही कार्डांवर नंबरच नसतो. प्रिझमचं सिल्व्हर घ्या, मागणी प्रचंड, पण किती छापली ते कार्डावर कुठेच नाही. मॅच अटॅक्ससारख्या शाळकरी पोरांच्या गेममध्ये जी लिमिटेड एडिशन म्हणून येतात तिथेही किती छापली हे लिहिलेलं नसतं, ती टिनच्या डब्यात, मल्टिपॅकमध्ये किंवा मासिकासोबत मिळतात, म्हणजे मर्यादा आकड्यावर नाही, कुठे मिळतं यावर आहे. ज्याच्या गावात तो डबा येत नाही त्याने शंभर साधी पाकिटं फोडली तरी ते कार्ड निघणार नाही. पोरं रडकुंडीला येतात आणि आईबापांना वाटतं आपलं नशीब फुटकं. म्हणून असला सेट घेताना पहिलं काम, चेकलिस्ट काढून कुठलं कार्ड कुठल्या पॅकिंगमध्ये येतं ते बघायचं, मग पाकिटं घ्यायची.

पाकिटामागचे बारीक आकडे

ह्याच्यावर जरा वेळ घालवा, कारण इथे थोडं गणित केलंत तर कंपनीने न सांगितलेलं बरंच कळतं.

पाकिटामागे किंवा कंपनीच्या साइटवर ऑड्स दिलेले असतात, १:६० म्हणजे सरासरी साठ पाकिटांत एक. समजा सेटमध्ये २०० कार्डं आहेत आणि प्रत्येकाचं गोल्ड ५०. म्हणजे एकूण गोल्ड झाली १०,०००. ऑड्स १:६०. गुणाकार करा, पाकिटं झाली ६ लाख. बॉक्समध्ये २० पाकिटं धरली तर ३० हजार बॉक्स. आता त्याच सेटचं सुपरफ्रॅक्टर घ्या, २०० खेळाडूंची २०० कार्डं ६ लाख पाकिटांत म्हणजे ऑड्स छापले जातील १:३०००, दीडशे बॉक्सला एक. वाचताना वाटतं अवघड आहे पण अशक्य नाही. पण ते कुठल्यातरी खेळाडूचं झालं, सातव्या नंबरला बॅटिंग करणाऱ्याचं सुद्धा त्यातच आलं. तुम्हाला ज्याचं हवंय त्याचं एकच आहे, ६ लाख पाकिटांत एक. हे आकडे मी समजवायला घेतलेत पण पद्धत हीच, कुठल्याही सेटला लावून बघा.

फक्त एक गडबड असते, कार्डांच्या खास दुकानातला हॉबी बॉक्स आणि साखळी दुकानांतले ब्लास्टर, मेगा, हँगर अशा प्रत्येक पॅकिंगचे ऑड्स वेगळे, त्यामुळे वरचा गुणाकार सरळ लागत नाही. मग असं पॅरलल शोधायचं जे फक्त हॉबी बॉक्समध्येच येतं, त्यावरून हॉबीची पाकिटं निघतात, ती वजा करून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. अंदाजच तो, पण "फारच थोडे बॉक्स आलेत सर, उद्या मिळणार नाहीत" म्हणणाऱ्या दुकानदाराला उत्तर द्यायला पुरतो.

टॉप्स नाऊसारखी काही कार्डं मात्र उलट पद्धतीने चालतात, ठरावीक वेळ विक्री उघडी ठेवतात, जितक्या ऑर्डर येतील तितकी छापतात आणि आकडा नंतर जाहीर करतात. साधं कार्ड ज्याला हवं त्याला मिळतं, भांडण नाही. पण मग त्याला लिमिटेड म्हणून चढा भाव देऊ नका, आकडा बघा आणि ठरवा.

आणि हो, अमेरिकेत राहणाऱ्या मंडळींनी ऑड्सच्या आसपासचा आणखी एक मजकूर वाचावा, काहीही विकत न घेता भाग घ्यायची सोय. पैसे घेऊन नशिबावर बक्षीस दिलं की ती लॉटरी होते, ते टाळायला कंपन्या ही सोय ठेवतात, पत्त्यासकट चिठ्ठी पोस्टाने पाठवायची आणि नंबर लागला तर कार्ड घरी येतं. फार कमी लोक करतात. नव्वदच्या दशकात तिथे लोकांनी कार्ड कंपन्यांवर हा जुगारच आहे म्हणून केसेस टाकल्या होत्या, पण २००२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने सांगितलं की दुर्मिळ कार्ड निघालं नाही ही निराशा आहे, ज्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली (रिको) केस होती त्याखाली भरपाई मागावी असं नुकसान नाही. म्हणजे कोर्टात जाऊन काही होईल ही आशा सोडा, जे बघायचं ते आपणच आधी बघायचं.

ज्याच्या हाती ससा तो पारधी

आता मुद्द्याचं. बॉक्स छापून झाले की ते सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. मोठ्या दुकानांना आणि ब्रेकर लोकांना (हे पेट्या लाइव्ह फोडून त्यातल्या जागा विकतात, पुढे सांगतो) कंपनीकडून किंवा डिस्ट्रिब्युटरकडून कोटा मिळतो, पेट्याच्या पेट्या, आणि छोट्या दुकानदाराला त्यातलं उरलंसुरलं. मग कंपनी साइटवर जे थोडं थेट विकते त्यावर बॉट, म्हणजे आपोआप ऑर्डर टाकणारं सॉफ्टवेअर, घेऊन बसलेले लोक तुटून पडतात. पनिनीने यावर उलटा लिलाव काढला, किंमत खूप वर सुरू होते आणि खाली खाली येते, ज्याला आधी हवं त्याने जास्त मोजायचं. बॉटवाल्यांना आळा बसतो हे खरं, पण फायदा कंपनीच्या खिशात आणि गरीब कलेक्टर आहे तिथेच. टॉप्स हल्ली काही रिलीजना सोडत काढते, ईक्यूएल नावाच्या सिस्टिमवर नाव नोंदवायचं आणि नंबर लागला तर छापील भावात बॉक्स. मला विचाराल तर हीच पद्धत त्यातल्या त्यात बरी. रिलीज कुठल्या पद्धतीने होतोय ते आधी बघा, सोडत असेल तर नाव टाकाच, रांग असेल तर मोह सोडा, दोन आठवडे थांबा, बरेचदा भाव उतरतो.

मोठ्या साखळी दुकानांत तरी सरळ मिळतं का, तर २०२१ साल आठवा. लॉकडाऊनमध्ये कार्डांचं वेड एवढं वाढलं की ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे कार्ड तपासून दर्जा देणाऱ्या पीएसए कंपनीकडे ढीग साचला आणि त्यांना मार्चमध्ये बहुतेक सर्व्हिस बंद कराव्या लागल्या, आणि मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या ब्रूकफील्डच्या टार्गेट स्टोअरबाहेर कार्डांवरून मारामारी होऊन एकाने पिस्तूल काढलं, त्यानंतर टार्गेटने दुकानात कार्डं विकणंच काही काळ थांबवलं. कार्डं छापली होती, ट्रकमधून येत पण होती, पण पहाटेपासून रांगेत उभं राहून अख्खं शेल्फ उचलणाऱ्यांच्या पुढे शाळा सुटल्यावर येणाऱ्या पोराचं काय चालणार.

छपाई पुरेशी असूनही माणसाच्या हातात काही पडत नाही याचं सगळ्यात भारी उदाहरण खरं तर कार्डांचं नाही, स्टिकरचं आहे. २०२२ च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या आधी अर्जेंटिनात पनिनीची स्टिकर मिळेनाशी झाली, पाकिटाची ठरलेली किंमत १५० पेसो पण बाहेर कितीतरी जास्त मोजायला लागायचे. तिथे हे स्टिकर पिढ्यान्‌पिढ्या कोपऱ्यावरच्या टपऱ्यांवर मिळत आलेत, आणि टपरीवाल्यांचं म्हणणं होतं की आमचा माल सुपरमार्केट, ॲप आणि कुठे कुठे वळवला. ते पनिनीच्या ऑफिसवर जाऊन धडकले, आणि सप्टेंबरमध्ये सरकारच्या व्यापार सचिवालयाने दोन्ही बाजूंना बोलावून बैठक घेतली. मेस्सीचं स्टिकर मिळेना म्हणून सरकार मध्ये पडलं, विचार करा. लोक म्हणत होते मेस्सी मुद्दामच कमी छापलाय, पण टपरीवाल्यांची तक्रार छपाईची नव्हतीच, वाटपाची होती.

ब्रेकमध्ये जागा घेताना

ग्रुप ब्रेक म्हणजे ब्रेकर पेटी लाइव्ह फोडतो, तुम्ही एका टीमची जागा विकत घेता, त्या टीमचं जे निघेल ते तुमचं. महागडी कार्डं आता फार मोठ्या प्रमाणात इथेच निघतात. लेब्रॉन जेम्सचं ट्रिपल लोगोमॅन, तीन टीमच्या जर्सीवरचे एनबीएचे लोगो बसवलेलं एकमेव कार्ड, २०२२ मध्ये त्याच्यासाठी रॅपर ड्रेकने पेट्याच्या पेट्या फोडल्या, त्याला नाही मिळालं, शेवटी निघालं ते एका ब्रेकर कंपनीच्या टेबलावर आणि लिलावात २४ लाख डॉलरला गेलं. जिथे पेट्या जास्त फुटतात तिथेच ते निघायची शक्यता जास्त, ह्यात कट बिट काही नाही.

उलट घडतच नाही असंही नाही, बेसबॉलपटू पॉल स्कीन्सचं २०२४ च्या टॉप्स क्रोम अपडेटमधलं डेब्यू पॅच १/१, त्याच्या पहिल्या मॅचला बाहीवर लावलेला पॅच घातलेलं, ते लॉस एंजेलिसकडच्या ११ वर्षांच्या पोराला ख्रिसमसला मिळालेल्या पाकिटांत निघालं. स्कीन्सच्या टीमने, पिट्सबर्ग पायरेट्सने, कार्डाच्या बदल्यात ३० वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती, घरच्यांनी नाही म्हटलं आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख डॉलरच्या वर विकलं गेलं. अशी बातमी आली की पुढचे दोन महिने सगळे पाकिटं घेत सुटतात, कंपनीला जाहिरात फुकट.

ब्रेकमध्ये जायचंच असेल तर जागांची बेरीज करा. तीसच्या तीस टीमच्या जागांचे भाव जोडा आणि त्याच बॉक्सचा बाजारभाव बाजूला ठेवा, फरक म्हणजे ब्रेकरचा नफा, थोडा असणारच, दुकान आहे त्याचं, पण दीडपट-दुप्पट दिसला तर तो आवळा देऊन कोहळा काढतोय. पेटीचं सील कॅमेऱ्यासमोर फुटतंय का, मध्ये कॅमेरा हलला किंवा हात टेबलाखाली गेला का, टीम वाटताना रँडम केलेली यादी स्क्रीनवर वेळेसकट दाखवतो का, साधी कार्डं पण पाठवतो की फक्त हिट, म्हणजे महागडी कार्डं, हे चार प्रश्न चॅटमध्ये उघड विचारा. प्रामाणिक ब्रेकर उत्तर देतो. ब्लॉक करणारा काय आहे ते वेगळं सांगायला नको. आणि मिस्टरी पॅक म्हणून आधी निघालेली कार्डं पुन्हा भरून जे रिपॅक विकतात, त्यात वर दाखवलेली मोठी कार्डं आत्ता अजून शिल्लक आहेत की गेल्याच आठवड्यात निघून गेली हे तुम्हाला कळायचा मार्ग बहुतेक वेळा नसतोच, मी तरी तिकडे फिरकत नाही.

सुटी पाकिटं नकोच

जर्सीचा तुकडा घातलेलं कार्ड जाड असतं, त्यामुळे पाकीट जड लागतं. खिशातला छोटा डिजिटल काटा घेऊन दुकानात पाकिटं तोलत बसणारे लोक आहेत, काही जण नुसतं बोटांनी चाचपून ओळखतात. कंपन्यांनी यावर तोडगा म्हणून कोरे जाड पुठ्ठे भरायला सुरुवात केली, तुम्हाला पाकिटात कधी बिनकामाचा पांढरा पुठ्ठा मिळाला असेल तर तो ह्यासाठी असतो. तरी सुद्धा उघड्या डब्यातली सुटी पाकिटं घेऊ नका, आणि ऑनलाइन कुणी "हॉबी बॉक्समधली सुटी पाकिटं" स्वस्तात विकत असेल तर त्याने चांगलं पाकीट आधीच फोडलंय असं धरून चाला. बॉक्समध्ये एका ऑटोग्राफची हमी असते, ती निघाली की उरलेली पाकिटं बाजारात सोडून द्यायची, सोपा धंदा.

सीलबंद बॉक्स घेताना प्लास्टिकवर कंपनीचा लोगो छापलेला असतो का ते त्या वर्षीच्या अनबॉक्सिंग व्हिडिओशी ताडून बघा, शिवण कुठे आहे, कोपरे वितळल्यासारखे दिसतात का. जुन्या बॉक्सवर तर फारच जपून. अमेरिकन यूट्यूबर लोगन पॉलने पोकेमॉन कार्डांची सीलबंद पेटी ३५ लाख डॉलरला घेतली, नावाजलेल्या लोकांनी तपासून खरी म्हटलेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये फोडली तर आत जी. आय. जो ची कार्डं. नामी लोक फसतात तिथे आपण कोण.

किती बाहेर आली ते मोजायचं कसं

एखाद्या १० च प्रती असलेल्या कार्डाबद्दल शंका असेल तर दोन जागा बघायच्या. एक पीएसएचा पॉप्युलेशन रिपोर्ट, त्यात त्या कार्डाच्या किती प्रती ग्रेडिंगला आल्या ते दिसतं, मात्र एकच कार्ड स्लॅब, म्हणजे ग्रेडिंगचा प्लास्टिकचा डबा, फोडून परत पाठवलं तर दोनदा मोजलं जाऊ शकतं. दुसरं म्हणजे ईबेचे झालेले व्यवहार, त्यातल्या फोटोंवरून शिक्क्याचे नंबर लिहून ठेवायचे, ३/१० दिसलं, ७/१० दिसलं, अशी एक्सेल शीट ठेवणारे बरेच जण असतात आणि मागितली तर देतात.

आता तीन वर्षांत दहापैकी चारच दिसली म्हणून बोंब मारायची नाही. काही न फुटलेल्या बॉक्समध्ये आहेत, काही कुणाच्या कपाटात, काही जण विकतच नाहीत. संशय घ्यायचा तो वेगळ्या गोष्टींवर, रिलीजच्या तारखेआधीच कार्ड विक्रीला आलं, शिक्का नसलेली प्रत फिरतेय, किंवा अगदी नवीन खातं असलेल्या एकाच विक्रेत्याकडे ३/१०, ४/१०, ५/१० अशी ओळीने आहेत. पेट्या फोडून असं ओळीने निघणं जवळजवळ अशक्य, कुठून आली ते सरळ विचारा आणि उत्तर पटलं नाही तर सोडून द्या, कार्डं काय पुन्हा येतात.

जर्सीच्या तुकड्याचं कार्ड असेल तर पाठ वाचा. हा कपडा अमुक मॅचमध्ये वापरलेला आहे असं लिहिलंय की कुठल्याही ठरावीक खेळाडू, सामना किंवा प्रसंगाशी संबंध नाही असं, दुसरं फार सापडतं आणि त्याला तसाच भाव द्यायचा. साधा एकरंगी तुकडा काढून तिथे तीन रंगांचा पॅच चिकटवणारे कलाकार पण आहेत, त्याच शिक्क्याचा जुना फोटो मिळाला तर शेजारी ठेवून बघा.

आणि काही लिमिटेड कार्डं पाकिटात नसतातच, त्यांच्या जागी कोड असलेलं रिडेम्प्शन निघतं कारण खेळाडूने सह्या वेळेत दिल्या नाहीत. महिने जातात, कधी वर्षं, कधी त्या ऐवजी दुसरंच काहीतरी पाठवतात. कोडची मुदत संपलेली असली तर ते कार्ड तुमच्यापर्यंत येईलच असं नाही, म्हणून जुना बॉक्स घ्यायच्या आधी त्यातली रिडेम्प्शन अजून चालतात का ते बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

भारतातून मागवणाऱ्यांसाठी थोडं

एक खेळाडू, एक कार्ड असं डोक्यात पक्कं असेल तर बॉक्सच्या भानगडीत न पडता सरळ ते कार्डच विकत घ्या, सुटं कार्ड पाकिटात घालून येतं, बॉक्सचं वजन, कुरिअर आणि कस्टम ड्युटी मिळून जो आकडा होतो त्यात बरेचदा हवं ते कार्ड येऊन वर पैसे उरतात. ड्युटी किती ते पार्सल निघायच्या आधी कुरिअरवाल्याकडून लिहून घ्या, आणि विक्रेत्याला किंमत कमी दाखव म्हणून सांगू नका, हरवलं तर विमा तेवढाच मिळतो. अमेरिकेत न्यू जर्सी, बे एरिया असं कुठे कुणी नात्यातलं असेल तर रिडेम्प्शनचा पत्ता त्यांचा द्यावा लागतो का, कंपनी भारतात पाठवते का, हे कोड टाकायच्या आधी नियमांत वाचा, नंतर पत्ता बदलायला कस्टमर केअरच्या मागे लागावं लागतं. पार्सल आलं की फोडतानाचा व्हिडिओ काढा, लेबलपासून कार्डाच्या शिक्क्यापर्यंत एकाच शॉटमध्ये, मध्ये कट नको, कारण तक्रार करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.